कलकत्त्याचा डॉक्टर आणि ठासणीचं रिव्हॉल्व्हर

आधीच कबूल करते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, मराठी फक्त पास होण्यापुरतं शिकले आणि घरी बोलतो ती मालवणी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. विषयही जरा वेगळा आहे. आपल्या मॅगेझिनमध्ये दर वर्षी विश्वेश्वरय्या असतात, कलाम सर असतात, आणि ते असायलाच हवेत. मी मात्र अशा माणसाबद्दल लिहितेय ज्याचं नाव ऐकून आमच्या रेक्टर मॅडमनी भुवया उंचावल्या. सॅम्युअल कोल्ट. रिव्हॉल्व्हरवाला कोल्ट.

झालं असं, की मेट्रॉलॉजीच्या तासाला लिमिट्स, फिट्स आणि टॉलरन्स शिकवताना सरांनी इंटरचेंजेबल पार्ट्सचा इतिहास दोन वाक्यांत उरकला आणि त्यात कोल्टचं नाव आलं. त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही एक जुना काउबॉय सिनेमा पाहिला. हिरो कमरेच्या पट्ट्यातून पितळी काडतुसं काढतो, खटाखट भरतो आणि सहा माणसं आडवी करतो. मला वाटलं, हेच ते कोल्टचं रिव्हॉल्व्हर. लायब्ररीत वाचलं तेव्हा कळलं, की पितळी काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणणं कोल्टच्या नशिबातच नव्हतं. त्याने आयुष्यभर जी रिव्हॉल्व्हरं विकली ती सगळी पुढून भरायची. काळी दारू ओता, वर शिशाची गोळी दाबून बसवा, मागे टोपी लावा. थोडक्यात काय, तर ठासणीची!

हे वाचताना मला थेट आजोळच आठवलं. सिंधुदुर्गात माझ्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. माकडं आणि रानडुकरं यांच्यासाठी. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची, निवडणूक संपली की परत आणायची. आजोबांच्या उजव्या गालावर बारीक काळे ठिपके आहेत, गोंदल्यासारखे. लहानपणी मी विचारलं की ते विषय बदलायचे. ते ठिपके कसले हे मला कोल्टमुळे समजलं. पण ते पुढे.

सॅमचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आई तो लहान असतानाच क्षयाने गेली. अकराव्या वर्षी त्याला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवलं होतं. नंतर तो वडिलांच्या वेअर गावातल्या कापड गिरणीत आला आणि तिथे त्याला रसायनं, बॅटऱ्या आणि दारू यांचा नाद लागला. १८२९ साली ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने तळ्यात तराफा उडवून दाखवणार अशी गावभर जाहिरात केली. वय पंधरासुद्धा पूर्ण नाही. पाण्याखाली वायर, टोकाला दारू. स्फोट जोरात झाला, पण तराफ्याला काही झालं नाही. सगळं पाणी आणि चिखल सणाचे कपडे घालून आलेल्या पब्लिकच्या अंगावर! लोक त्याला मारायलाच धावले. त्या वेळी एलिशा रूट नावाच्या एका तरुण मेकॅनिकने त्याला वाचवलं असं सांगतात. हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी अॅमहर्स्टच्या शाळेत असताना असल्याच एका आतषबाजीतून आग लागली आणि सॅमची शाळा सुटली. वडिलांनी मग प्रत्येक वैतागलेल्या बापाच्या मनात येतं तेच केलं, मुलाला लांब पाठवलं. १८३० साली, सोळाव्या वर्षी, सॅम बोस्टनहून कोर्वो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला.

या प्रवासात त्याने लाकडात कोरून फिरत्या सिलिंडरचं एक मॉडेल बनवलं. ते हार्टफर्डच्या म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे. जहाजाचं सुकाणूचं चाक किंवा नांगर ओढायचं यंत्र फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट आहे. खरीखोटी देव जाणे. फिरणारी बंदूक ही कल्पना काही त्याची नव्हती. लंडनला एलिशा कॉलियरची चकमकीची रिव्हॉल्व्हरं त्याआधीच बनली होती. पण त्यात सिलिंडर हाताने फिरवावा लागायचा. कोल्टची करामत काय? घोडा मागे ओढला की त्याच हालचालीत आतला पॉल रॅचेटला ढकलतो, सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि खालून बोल्ट वर येऊन त्याला नळीच्या बरोबर समोर लॉक करतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात रॅचेट-पॉलवर आपण पाच मार्कांची टीप लिहितो ना, तेच! मी ती टीप दोन वेळा लिहिली आहे (एकदा बॅकलॉगमध्ये) आणि दोन्ही वेळा उदाहरण म्हणून सायकलचं फ्रीव्हील दिलं.

मॉडेल झालं, पण पैसा? इथे सॅमच्या अंगचा खरा गुण दिसतो. त्याने नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं, आपण न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे प्रसिद्ध डॉक्टर आहोत अशी पत्रकं छापली आणि हातगाडीवर लाफिंग गॅस घेऊन गावोगाव शो करत निघाला. कलकत्त्यात तो गेला होता खलाशी म्हणून, परत आला डॉक्टर होऊन! लोक पैसे देऊन गॅस हुंगायचे, नाचायचे, पडायचे. त्या कमाईतून हार्टफर्डचा अॅन्सन चेस आणि बाल्टिमोरचा जॉन पिअर्सन अशा कारागिरांकडून त्याने नमुने बनवून घेतले. सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक तर बार काढताच फुटला.

१८३५ साली इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचं पेटंट मिळालं. वय एकवीस. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा! (माझ्या नावावर अजून एक मिनी प्रोजेक्ट आहे, आणि तोही चौघींचा मिळून.) न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात कारखाना निघाला. तिथलं रिव्हॉल्व्हर पाच बारांचं. चाप आत दुमडलेला असायचा, घोडा ओढला की बाहेर यायचा. पण सुरुवातीच्या मॉडेलमध्ये दारू भरायची तर रिव्हॉल्व्हर खोलून सिलिंडर बाहेर काढावा लागे. लढाईच्या मध्ये! १८३७ साली लष्कराने चाचणी घेतली आणि फार किचकट आहे म्हणून नापास केलं. फ्लोरिडात सेमिनोल लोकांशी युद्ध चालू होतं, तिथे १८३८ मध्ये तो स्वतः रायफली घेऊन गेला आणि थोड्या विकल्याही. परत येताना होडी उलटली आणि विक्रीचा ड्राफ्ट पाण्यात गेला. इकडे सैनिकांनी आत काय आहे ते बघायला रायफली खोलल्या, आणि त्या परत धड जुळेनात. हॉस्टेलवर मिक्सर आणि इस्त्री उघडणाऱ्यांना हे पटेल.

१८४२ साली पॅटरसनचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी मोठा भाऊ जॉन, एका छापखानेवाल्याच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेला, फाशीच्या दिवशीच तुरुंगात मेलेला सापडला. सॅम मात्र परत पाण्याखालच्या दारूकडे वळला होता. बंदराच्या रक्षणासाठी विजेने उडवायचे सुरुंग. त्यासाठी वॉटरप्रूफ वायर हवी म्हणून तारायंत्रवाल्या मोर्सशी त्याचं जमलं. त्याने खरी जहाजं उडवून दाखवली, पण सरकारने सुरुंग घेतले नाहीत.

मग टेक्सास. ८ जून १८४४ ला वॉकर्स क्रीक इथे जॅक हेजच्या जेमतेम पंधरा रेंजर्सनी त्यांच्याहून कितीतरी जास्त कोमांची योद्ध्यांना पॅटरसन रिव्हॉल्व्हरांनी हरवलं. त्याआधी हिशोब उलटा होता. रेंजर एकदा बार काढून परत भरेपर्यंत घोड्यावरचा कोमांची पाच-सहा बाण मारायचा. रिव्हॉल्व्हरने तो हिशोब बदलला आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कोमांचींची जमीन गेली. कोल्टच्या पुढच्या सिलिंडरांवर याच लढाईचं चित्र कोरून यायचं, जाहिरात म्हणून. या ठिकाणी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस उघडलं नाही. एक यंत्र म्हणून मला ते आवडायला लागलं होतं, म्हणून जास्त त्रास झाला असावा.

त्या लढाईतला सॅम्युअल वॉकर नावाचा रेंजर मेक्सिकोच्या युद्धासाठी रिव्हॉल्व्हरं मिळवायला पूर्वेकडे आला, आणि या दोन सॅमनी मिळून नवं डिझाइन केलं. वॉकरने सांगायचं, कोल्टने सुधारायचं. पाचाऐवजी सहा बार, बाहेर कायमचा चाप, त्याला गार्ड, आणि नळीखाली गोळी ठासायचा दांडा कायमचा जोडलेला. जानेवारी १८४७ मध्ये १००० रिव्हॉल्व्हरांची ऑर्डर मिळाली. कोल्टकडे कारखाना नव्हता, म्हणून ती एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात बनली. ऑक्टोबरमध्ये वॉकर मेक्सिकोत मारला गेला.

हे वॉकर रिव्हॉल्व्हर म्हणजे राक्षस. वजन दोन किलोंच्या वर, एका चेंबरमध्ये जवळजवळ चार ग्रॅम दारू मावायची. कित्येकांचे सिलिंडर फुटले. लोखंड तेवढ्या दाबाचं नव्हतं, आणि सैनिक टोकदार गोळी कधी उलटी ठासायचे असंही सांगतात. शिवाय बार काढला की धक्क्याने ठासायचा दांडा खाली पडायचा आणि सिलिंडर जाम. पुढच्या मॉडेलमध्ये कोल्टने सिलिंडर आखूड केला, म्हणजे कोणी ठरवलं तरी जास्त दारू भरता येणार नाही, आणि दांड्याला टोकाशी खटका बसवला. माणूस चूक करणार हे धरून डिझाइन बदलायचं. आमच्या डिझाइनच्या सरांना हे वाक्य आवडेल.

१८५१ सालचं नेव्ही मॉडेल सगळ्यात गाजलं. ते भरायची पद्धत मी नीट समजून घेतली, आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना समजावून सांगायला गेले. झालं उलटंच, त्यांनीच मला समजावलं!

आधी निपलची भोकं मोकळी आहेत ना हे बघायचं. नुसत्या टोप्या लावून उडवायच्या, म्हणजे आतलं तेल आणि ओल जळून जाते. मग घोडा अर्धा ओढायचा, सिलिंडर मोकळा फिरतो. तोंड वर आणि माणसांपासून लांब. चेंबरमध्ये मोजून दारू, नेव्हीला साधारण दीड ग्रॅम, कधीही मोठ्या डब्यातून थेट नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातातला डबाच उडेल. आजोबा शिंगाचं माप वापरतात, हे मला तेव्हा कळलं. वर शिशाची गोळी, चेंबरपेक्षा केसभर मोठी. सिलिंडर फिरवून ती दांड्याखाली आणायची आणि दाबायची. दाबताना गोळीच्या कडेने शिशाची बारीक कडी तासून निघते. ती निघाली म्हणजे गोळी घट्ट बसली. इंटरफिअरन्स फिट! गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये हवा राहिली तर दाब भलतीकडेच वाढतो. गोळीवर चरबी लावायची. टोपी सगळ्यात शेवटी, मागून. दिवाळीच्या खेळण्यातल्या पिस्तुलात टिकली असते तसंच तत्त्व, फक्त तांब्याच्या छोट्या वाटीत. टोपी लावेपर्यंत ते रिव्हॉल्व्हर एक जड पाइप आहे, टोपी लावल्यावर नाही.

चरबी आणि घट्ट गोळी एवढी महत्त्वाची का? कारण एका चेंबरची ज्वाळा कडेने शेजारच्या चेंबरमध्ये शिरली तर तोही उडतो, मग त्याच्या शेजारचा. यांच्यापुढे नळीच नसते, हात असतो. सैल टोपीमुळे मागूनही आग शिरते. कोल्टला हा धोका पहिल्यापासून माहीत होता, त्याच्या १८३६ च्या पेटंटमध्येच निपलांच्या मध्ये भिंती घातलेल्या आहेत. आणि सहा चेंबर असले तरी शहाणा माणूस पाचच भरायचा, घोडा रिकाम्यावर टेकवायचा. कोल्टने दोन चेंबरच्या मध्ये बारीक खुंट्याही दिल्या होत्या, घोडा त्यावर टेकवता यावा म्हणून, पण त्या झिजायच्या.

शेवटी मी वाचलेला एक नियम सांगितला. घोडा पडला, टोपी फुटली, पण बार झाला नाही, तर काही करायचं नाही. तोंड समोर ठेवून थांबायचं, निदान मिनिटभर. आत दारू ओली असेल तर ती धुमसत असते.

आजोबा गप्प झाले. मग पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. आई तेव्हा शाळेत होती. पावसाळा संपत आला होता, दारूला ओल धरलेली. टोपी फुटली, बार नाही. त्यांनी बंदूक खाली घेतली आणि मान वाकवून निपलकडे बघितलं. तेवढ्यात बार झाला. निपलमधून मागे आलेल्या आगीने गालावर ठिपके उठले. आणि बंदुकीचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. छर्रे त्याच्या डोक्यावरून फणसाच्या झाडात गेले. आजीला हे आजपर्यंत माहीत नाही, निदान आजोबांची तशी समजूत आहे. (आजी मराठी वाचते, पण हे मॅगेझिन तिच्यापर्यंत जाणार नाही.)

असो. कोल्टकडे परत येऊ. १८४९ मध्ये त्याने एलिशा रूटला, हो, त्याच वेअर गावच्या मेकॅनिकला, भरपूर पगार देऊन कारखान्याचा प्रमुख केलं. १८५५ साली हार्टफर्डला कनेक्टिकट नदीच्या पुराच्या जमिनीवर बांध घालून भलामोठा कारखाना झाला. निळा घुमट, त्यावर सोनेरी तारे. माझ्या मते इथला खरा हिरो रूट आहे. प्रत्येक कामाला वेगळं मशीन, प्रत्येक मशीनला जिग आणि गेज. पार्ट्स इंटरचेंजेबल, असं कोल्ट जगाला सांगत फिरला. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने रिव्हॉल्व्हरं मांडली आणि त्याच वर्षी तिथल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मशीनने शस्त्रं कशी बनवतो यावर पेपर वाचला.

पण इथे आमच्या सरांच्या दोन वाक्यांना मला एक तिसरं जोडायचं आहे. नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, फ्रेमवर, सिलिंडरवर एकच नंबर ठोकलेला असतो. का? कारण मशीनवरून निघाल्यावर शेवटचं फिटिंग कारागीर कानशीनेच करायचा, आणि एकमेकांत बसवलेले पार्ट हरवू नयेत म्हणून नंबर. म्हणजे जाहिरात जेवढी सांगत होती तेवढे ते इंटरचेंजेबल नव्हते. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये माझा मेल पीस पार्टनरच्या फिमेल पीसमध्ये बसेना, तेव्हा मी रडकुंडीला येऊन कानस मारली होती आणि आम्हीही दोन्ही तुकड्यांवर एकच रोल नंबर पंच केला होता. नळी आणि फ्रेम यांना धरून ठेवणारी पाचर बघा, ती चक्क कॉटर जॉइंट आहे. ही पाचर झिजली की सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट वाढते, म्हणून जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेणारे जाणकार आधी ती हलवून बघतात.

माणूस म्हणून कोल्ट सरळ नव्हता. अधिकाऱ्यांना सोन्याचं नक्षीकाम केलेली रिव्हॉल्व्हरं भेट द्यायचा, पेटंटची मुदत वाढवून घ्यायला लाच दिली का याची १८५४ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली. तुर्कस्तानच्या सुलतानाला सांगायचं की रशियन घेताहेत, आणि रशियनांना सांगायचं की तुर्क घेताहेत, ही त्याची युक्ती. कामगारांसाठी घरं, हॉल, दहा तासांची पाळी हेही त्यानेच केलं. गृहयुद्ध तोंडावर आलं तरी दक्षिणेकडच्या राज्यांना माल जातच होता. लंडनला १८५३ मध्ये काढलेला कारखाना चार वर्षांतच बंद झाला, पण त्याची रिव्हॉल्व्हरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लागून १८५७ साली आपल्याकडे पोचली होती. कलकत्त्याच्या डॉक्टरची हिंदुस्थानशी ही दुसरी भेट.

१० जानेवारी १८६२ ला, अवघ्या ४७ व्या वर्षी, तो गेला. आजारी असूनही शेवटपर्यंत ऑर्डरी घेत होता. रूटने कंपनी सांभाळली, पण तोही १८६५ ला गेला. त्याच्या आधी फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखाना जळला. कोल्टची बायको एलिझाबेथ हिने तो पुन्हा उभा केला, तसाच, घुमटासकट. आणि काडतूस? सिलिंडर आरपार भोकाचा करायचं पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइटने घेतलं होतं, जो आधी कोल्टच्याच कारखान्यात काम करायचा. ते स्मिथ अँड वेसनकडे गेलं आणि १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीचे हात बांधले गेले. सिनेमातलं ते पितळी काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आलं १८७३ मध्ये, कोल्टला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर.

सुट्टी संपून निघताना मी आजोबांना वॉकर रिव्हॉल्व्हरच्या फोटोची प्रिंट दिली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितली. मग वजन किती ते विचारलं. दोन किलोंच्या वर, असं सांगितल्यावर कमरेला कसं लावायचे म्हणाले. कमरेला नाही, घोड्याच्या खोगिराला अडकवायचे, मी म्हटलं. आजोबांनी मान हलवली, प्रिंट घडी करून खिशात ठेवली आणि गाईला पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले.